'इंडोचायना पारितोषिक विजेता' या पाटीमागे काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशातल्या एका संग्रहालयात फ्रेंच चित्रकार जाँ बुशो यांच्या चित्राखाली 'प्री द लँदोशीन, १९२४' (इंडोचायना पारितोषिक, १९२४) असं लिहिलेलं दिसलं. हे पारितोषिक कोण द्यायचं, त्यात काय मिळायचं, आणि सरकारी पैशावर वसाहतीत जाऊन काढलेली ही चित्रं सरकारी जाहिरात समजून बाजूला ठेवायची का? वसाहतकाळातल्या चित्रांच्या नोंदी आणि त्यांच्या मालकीचा इतिहास तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सतत समोर येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. जाहिरात हा या पारितोषिकाचा उघड हेतू होता, तो कोणी लपवलेला नाही. पण चित्रकाराने चार डोंगर, दोन पॅगोडा आणि एक बाजार रंगवून परत यावं, एवढीच अपेक्षा असलेल्या या योजनेतून आधुनिक व्हिएतनामी चित्रकलेची शाळा उभी राहिली. ते घडवायचं म्हणून कोणी पैसे दिले नव्हते. माझ्या मते या पारितोषिकाचं मोल ठरवताना विजेत्यांनी काय रंगवलं यापेक्षा त्यांच्यातला कोण तिथे राहिला आणि राहून त्याने काय केलं, हे बघावं लागतं.

मुळापासून सांगतो. कलावंताला राज्याच्या खर्चाने परदेशी ठेवायचं ही फ्रान्सची जुनी रीत. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ मध्ये, रोममध्ये फ्रेंच अकादमी स्थापन झाली. १८०३ पासून ती व्हिला मेदिचीमध्ये आहे. 'प्री द रोम', म्हणजे रोमचं पारितोषिक, जिंकणारा तरुण तिथे काही वर्षं राहायचा, जुन्या कामांचा अभ्यास करायचा आणि परतला की त्याला सरकारी कामं मिळायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्जीरियाच्या आणि पूर्वेकडच्या विषयांवर चित्रं काढणाऱ्यांनी पॅरिसमध्ये आपल्या संस्था काढल्या, आणि रोमच्या धर्तीवर वसाहतींतही असं काही असावं, ही मागणी पुढे आली. १९०७ मध्ये गव्हर्नर जनरल शार्ल झोनार यांच्या काळात अल्जीअर्समध्ये व्हिला अब्द-एल-तीफ कलावंतांसाठी उघडला. हम्मा भागातल्या वनस्पती उद्यानाच्या वरच्या टेकडीवरचं हे ऑटोमन काळातलं बागेतलं घर. त्यामागे पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयाचे लेआँस बेनेदित यांचा मोठा आग्रह होता. पहिल्या वर्षी तिथे पोल जूव्ह आणि लेआँ कोवी हे दोघे गेले. जूव्ह पुढे प्राण्यांच्या चित्रांसाठी गाजले. कोवी अल्जीअर्समध्येच राहिले आणि तिथल्या कलाशाळेचे प्रमुख झाले. हे 'तिथेच राहिले' लक्षात ठेवा, पुढे हनोईतही तेच दिसणार आहे.

१९०८ मध्ये लुई द्युमुलँ या चित्रकाराने 'वसाहतींच्या फ्रेंच कलावंतांची संस्था' काढली. मार्सेयच्या १९०६ च्या वसाहत प्रदर्शनात त्यांचा मोठा हात होता, त्यामुळे प्रदर्शन कसं भरवायचं आणि सरकारी दारं कशी उघडायची याची त्यांना चांगली जाण होती. ही संस्था आणि वसाहतींची सरकारं मिळून एकेका प्रदेशाच्या नावाने पारितोषिकं देऊ लागली: इंडोचायना, मादागास्कर, पश्चिम आफ्रिका आणि असे इतर. इंडोचायनाचं पारितोषिक १९१० पासूनचं. तेव्हा इंडोचायना म्हणजे आजचे व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस, मिळून पाच तुकड्यांचा कारभार. राजधानी हनोई.

निवड पॅरिसमध्ये व्हायची. विजेत्याला जाण्यायेण्याचा जहाजाचा प्रवास आणि राहण्या-फिरण्यासाठी रक्कम मिळे. मार्सेयहून निघालेलं जहाज सुएझ, जिबूती, कोलंबो, सिंगापूर करत महिन्याभराने सायगावला लागायचं. अल्जीअर्ससारखा व्हिला इथे नव्हता. चित्रकार फिरस्ता असायचा. हाँग नदीचं खोरं, ह्वे या जुन्या राजधानीतले राजवाडे, अंगकोरचे अवशेष, उत्तरेच्या डोंगरातल्या जमाती असा त्याचा फिरण्याचा पट्टा ठरलेला. परतल्यावर पॅरिसमध्ये प्रदर्शन भरायचं. त्या चित्रांवरून लोकांना तिकडे जावंसं वाटावं, भांडवल गुंतवावंसं वाटावं, आपल्या ताब्यात केवढा सुंदर मुलूख आहे याचा अभिमान वाटावा, ही अपेक्षा.

हा पैसा कोणाचा, तेही पाहा. गव्हर्नर जनरलच्या सरकारचा खर्च मुख्यतः जकात आणि मीठ, दारू, अफू यांच्या मक्तेदारीच्या उत्पन्नावर चाले. मीठ आणि तांदळाची दारू ही तिथल्या गरिबाच्या घरातली गोष्ट. म्हणजे भातशेतीत राबणाऱ्याने महाग मीठ विकत घ्यायचं आणि त्याच्या पैशातून पॅरिसच्या चित्रकाराने त्याचंच शेत रंगवायचं. अशा चित्राखालच्या पाटीवर 'सरकारी शिष्यवृत्तीवर प्रवास' असं वाचलं की मला हा हिशेब आठवतोच, आणि प्रत्येक वाचकाने तो आठवावा असं वाटतं.

विजेत्यांत चांगले कारागीर होते, यात शंका नाही. समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले शार्ल फुकरे १९१४ चे विजेते. बुशोंचं तुम्ही पाहिलंच: सपाट, घट्ट रंग, माणसांचे ठसठशीत आकार, उन्हाची नेमकी जाण. पश्चिम आफ्रिकेचं पारितोषिक १९२५ मध्ये आना कँको या शिल्पकार स्त्रीला मिळालं. आदल्याच वर्षी तिने रोमच्या स्पर्धेत वरचा क्रमांक मिळवला होता, पण ती आफ्रिकेला गेली. गिनीतल्या फुता जालोच्या डोंगरातल्या माणसांची तिने केलेली शिल्पं आजही उभं राहून पाहावीशी वाटतात. त्या काळात एका स्त्रीला स्वतःच्या हिमतीवर इतकं दूर जाऊन काम करण्याची वाट अशा पारितोषिकामुळे मिळाली, हेही सांगितलं पाहिजे.

तरी यातली बरीच चित्रं एका ठरीव साच्यात अडकतात. बाजार, होड्या, पालखी, अंगकोरची भिंत, टोपी घातलेल्या बायका. रबराच्या मळ्यातला मजूर सापडत नाही. तुरुंग तर नाहीच. १९३० च्या फेब्रुवारीत येन बायच्या छावणीत व्हिएतनामी शिपायांनी बंड केलं. जूनमध्ये उठावाचे नेते न्गुयेन थाय हॉक आणि त्यांच्या साथीदारांना गिलोटिनवर चढवलं. त्याच वर्षी फू रिएंगच्या रबर मळ्यात संप झाला, न्घे आनच्या भागात शेतकऱ्यांचे उठाव पेटले. पारितोषिकावर आलेल्यांच्या चित्रांत यातलं काही उतरत नाही. जे रंगवलं ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. बाजार खराच भरत होता, होड्या खऱ्याच होत्या. पण कुठे बघायचं हे आधीच ठरलेलं होतं.

आता व्हिक्टर तार्द्यू यांच्याकडे येतो. या सगळ्या गोष्टीचा गाभा तिथे आहे.

तार्द्यू लिओंजवळ जन्मले, १८७० साली. लिओं आणि पॅरिसमध्ये शिकले, पॅरिसमध्ये लेआँ बोना यांच्या हाताखाली. सार्वजनिक इमारतींसाठी मोठी सजावटीची चित्रं करणं हे त्यांचं काम. पहिल्या महायुद्धात वय चाळिशीच्या पुढे असूनही स्वेच्छेने सैन्यात गेले आणि १९१५ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या एका तंबूतल्या रुग्णालयाची छोटी, उन्हाने भरलेली चित्रं काढली. १९२० मध्ये त्यांना इंडोचायनाचं पारितोषिक मिळालं, तेव्हा ते पन्नाशीचे होते. या वयाला लोक घर सांभाळतात. ते १९२१ मध्ये हनोईला पोचले आणि त्यांना तिथल्या नव्या विद्यापीठाच्या सभागृहासाठी एका प्रचंड चित्राचं काम मिळालं. क्षेत्रफळ सुमारे ७७ चौरस मीटर, त्यात सुमारे दोनशे माणसं. हे काम काही वर्षं चाललं, आणि काम चालू म्हणून तार्द्यूंचा मुक्कामही वाढला.

एवढ्या चित्रासाठी समोर बसायला माणसं लागतात, मदतनीस लागतात, गावात कोण काय करतं हे सांगणारा लागतो. त्यातून त्यांची गाठ पडली न्गुयेन व्हान थो यांच्याशी, ज्यांना आपण नाम सन या टोपणनावाने ओळखतो. नाम सन तेव्हा तिशीत होते, नोकरी करून चित्रं काढायचे, चिनी आणि जपानी चित्रपरंपरेचा त्यांचा अभ्यास होता. आपल्या लोकांसाठी कलेचं खरं उच्च शिक्षण हवं, ही तळमळ त्यांची होती. तार्द्यूंकडे सरकारी दरवाजे ठोठावण्याची ताकद होती. नंतरच्या अनेक वर्षांत शाळेचं सगळं श्रेय एकट्या तार्द्यूंना दिलं गेलं. नाम सन यांना सहसंस्थापक म्हणून मान मिळायला फार उशीर लागला. आजही एखाद्या सूचीत फक्त तार्द्यूंचं नाव असेल तर ती सूची जुन्या माहितीवर बेतलेली आहे असं खुशाल समजा.

२७ ऑक्टोबर १९२४ ला गव्हर्नर जनरल मार्सियाल मेर्लँ यांच्या हुकमाने हनोईत 'इंडोचायना ललितकला विद्यालय' स्थापन झालं. याच मेर्लँवर त्याच वर्षी जूनमध्ये कँटनच्या, म्हणजे व्हिएतनामी क्रांतिकारक जिथे जमत त्या दक्षिण चीनमधल्या शहरातल्या, मेजवानीत फाम हाँग थाय या व्हिएतनामी क्रांतिकारकाने बॉम्ब टाकला होता. ते बचावले, फाम हाँग थाय यांनी पाठलाग होत असताना नदीत उडी घेतली आणि त्यात त्यांचा अंत झाला. चार महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी ठेवून सांगतो. सरकारला ही शाळा का पटली याचं निम्मं उत्तर त्यात आहे: शिकलेल्या तरुणांना काहीतरी सन्मानाचं द्यायला हवं, नाहीतर ते कँटनला जातील.

शाळा १९२५ मध्ये सुरू झाली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. प्रवेश परीक्षा कडक, पहिल्या तुकडीत मोजून दहाएक विद्यार्थी. त्यांत ले फो, माय चुंग थू, न्गुयेन फान चान्ह, ले व्हान दे. मागोमाग तो न्गॉक वान, वू काव दाम, पहिल्या स्त्री विद्यार्थ्यांपैकी ले थी लू, आणि १९३० च्या दशकात न्गुयेन झा ची. आज आग्नेय आशियाच्या चित्रकलेच्या कोणत्याही इतिहासातून ही नावं काढली तर मोठं भगदाड पडेल.

आणि इथे पारितोषिकाचा नियम बदलला. शाळा झाल्यावर विजेत्याने नुसतं फिरून परत जायचं नाही, काही काळ हनोईत शिकवायचं, अशी व्यवस्था आली. म्हणून १९२५ च्या आधीचा विजेता आणि नंतरचा विजेता यांत फरक करायला हवा. आधीचा प्रवासी होता, नंतरचा निदान काही महिने तरी शिक्षक. त्याच्या समोर बसलेली मुलं त्याच्याइतकीच, कधी त्याच्याहून जास्त, हुशार होती. ज्याने शिकवलं त्याच्या चित्रात माणसांचे चेहरे बदलतात, असं मला अनेकदा दिसलं आहे. टोपीखालचा चेहरा मग नुसता प्रकार राहत नाही, कुणाचा तरी होतो.

तार्द्यूंच्या शिकवण्यातली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी. वसाहतीत तेव्हा दोन टोकं होती. दक्षिणेत थू दाउ मोत, बिएन ह्वा आणि जा दिन्ह इथे १९०१ ते १९१३ च्या दरम्यान कारागिरीच्या शाळा निघाल्या होत्या. तिथे सुतारकाम, कुंभारकाम, नक्षी, बाजारात खपेल असा माल. कंबोडियात जॉर्ज ग्रोलिए यांनी युरोपचं काहीच शिरू नये म्हणून ख्मेर कलेभोवती कुंपण घातलं. एकाने माणसाला कारागीर मानलं, दुसऱ्याने परंपरेचा राखणदार. तार्द्यू आणि नाम सन यांनी विद्यार्थ्याला कलावंत मानलं. शरीररचना, यथार्थदर्शन, तैलरंग हे सगळं शिका, आणि त्याबरोबर रेशीम आणि लाखही हातात घ्या.

रेशमावरचं चित्र करताना ताणलेल्या कापडावर पातळ रंगांचे थर द्यायचे आणि मधे मधे ते धुवायचं, म्हणजे रंग धाग्यात मुरतो. न्गुयेन फान चान्ह यांनी यात तपकिरी आणि काळ्या छटांचं असं शांत जग उभं केलं की १९३१ च्या पॅरिस प्रदर्शनात लोक थांबून पाहू लागले. खळग्यांत खडे टाकून 'ओ आन क्वान' खेळणाऱ्या चार मुलींचं त्यांचं चित्र त्याच वर्षीचं.

लाखेचं सांगताना आपल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची आणि गंजिफावरची लाख किड्यापासून मिळते. व्हिएतनामची लाख झाडाचा चीक असते, अंगावर उडाली तर खाजेने जीव हैराण होतो. ती सुकते दमट हवेत. थरावर थर, मधे सोन्याचांदीचा वर्ख किंवा अंड्याच्या कवचाचे तुकडे, आणि शेवटी पाण्याने घासत घासत आतलं चित्र वर आणायचं. काय वर येईल हे घासेपर्यंत पुरतं कळत नाही. देवळातल्या पाट्या, पेट्या यांसाठी वापरलं जाणारं हे काम चित्रकलेच्या पातळीवर नेण्यात जोझेफ अँगँबेर्ती या शिक्षकाचा आणि देवळांची लाख करणाऱ्या स्थानिक कारागिरांचा मोठा वाटा. आलिक्स एमे यांनीही ते शिकवलं आणि स्वतः केलं. न्गुयेन झा ची यांचे लाखेचे मोठे पडदे पाहिले की हे माध्यम कुठपर्यंत गेलं ते कळतं. एका मोठ्या पडद्याला महिनोन्महिने लागत.

१९३१ चं पॅरिसच्या व्हँसेन भागातलं हे वसाहत प्रदर्शन या सगळ्याचा कळस. अंगकोर वाटची भव्य प्रतिकृती, कोट्यवधी तिकिटं. अतिवास्तववाद्यांनी 'तिथे जाऊ नका' म्हणून पत्रक काढलं. हनोईच्या शाळेचं दालन तिथे होतं आणि तार्द्यू ले फोंना मदतनीस म्हणून बरोबर घेऊन गेले. त्याच सुमारास वू काव दाम आणि ले व्हान दे हेही शिकायला युरोपात गेले. म्हणजे ज्या प्रवाहाने फ्रेंच चित्रकार पूर्वेला जात होता तो आता उलटा वाहू लागला. ले फो १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी पुन्हा गेले आणि कायमचे तिकडेच राहिले. माय चुंग थू हेही.

तार्द्यू १९३७ च्या जूनमध्ये हनोईतच वारले. त्यांच्या जागी आले शिल्पकार एवारिस्त झाँशेर. ते १९३२ चे इंडोचायना पारितोषिक विजेते, त्याआधी रोमचंही पारितोषिक मिळवलेले. कसलेला शिल्पकार माणूस. पण त्यांच्या काळात शाळेचा कल पुन्हा कारागिरीकडे वळला. इथून कलावंत निघावेत की सुबक वस्तू बनवणारे, यावर वाद पेटला आणि माजी विद्यार्थ्यांनी, विशेषतः तो न्गॉक वान यांनी, जोरदार विरोध केला. मला या प्रसंगाचं फार महत्त्व वाटतं. एकाच पारितोषिकाचे दोन विजेते, एकाच खुर्चीवर, आणि दोघांची दिशा वेगळी. म्हणून 'विजेता' या शब्दावरून माणसाबद्दल काही ठरवू नये.

पुढचं पटकन सांगतो. १९४३ मध्ये बाँबहल्ल्यांमुळे शाळेचे विभाग हनोईबाहेर हलवले गेले आणि मार्च १९४५ मध्ये जपान्यांनी फ्रेंच सत्ता उलथवली तेव्हा ती बंद पडली. तो न्गॉक वान यांनी स्वातंत्र्यलढ्याच्या काळात व्हिएत बाकच्या जंगलात कलेचे वर्ग चालवले आणि जून १९५४ मध्ये, फ्रेंचांचा निर्णायक पराभव झालेल्या दिएन बिएन फूच्या लढाईनंतर दीडएक महिन्यात, परतीच्या वाटेवर बाँबहल्ल्यात ते मारले गेले. वसाहत सरकारच्या पैशाने उभ्या राहिलेल्या शाळेचा विद्यार्थी त्याच सत्तेविरुद्धच्या लढ्यातला कलाशिक्षक झाला. तार्द्यूंचं सभागृहातलं मोठं चित्र नंतर रंगाखाली झाकलं गेलं. विद्यापीठाच्या शताब्दीच्या निमित्ताने, २००६ मध्ये, तिथे त्याची प्रतिकृती पुन्हा उभी राहिली. हनोईला गेलात तर ले थान्ह तोंग रस्त्यावरची ती इमारत जरूर बघा.

आपल्याकडचं काही याच्याशी जोडता येतं का, असंही तुम्ही विचारलं आहे. एक धागा खरा आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी त्याच काळात भित्तिचित्रांचा वर्ग चालवला, आणि रोमच्या नमुन्यावर 'प्री द दिल्ली' असावं, नव्या राजधानीच्या भिंती आपल्या विद्यार्थ्यांनी रंगवाव्यात, यासाठी मुंबईतून चळवळ झाली. तसं पारितोषिक झालं नाही, पण १९२८-२९ च्या सुमारास मुंबईच्या विद्यार्थ्यांनी दिल्लीच्या सचिवालयात चित्रं रंगवली. फरक मोठा आहे. मुंबईच्या शाळेला तेव्हा सत्तरहून अधिक वर्षं झाली होती आणि अजिंठ्याच्या प्रतिकृतींपासून ते धुरंधरांपर्यंत परंपरा होती. हनोईला ती नव्याने घडवावी लागली. दुसरा धागा स्वातंत्र्यानंतरचा: मुंबईत घडलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये तिथला समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. ती शिष्यवृत्ती वसाहतीची नव्हती, तरी कलावंताला आपल्या खर्चाने बोलवायचं आणि त्यातून देशाचं नाव पसरवायचं ही फ्रेंच राज्याची सवय तीच.

शेवटी थोडं व्यवहाराचं, कारण तुमच्याकडे अशा एका चित्राची विचारणा आली आहे असं तुम्ही लिहिलंय.

'इंडोचायना पारितोषिक १९२४' यातला आकडा पारितोषिकाचा असतो, चित्राचा नव्हे. निवड आणि प्रत्यक्ष प्रवास यांत अंतर असू शकतं, आणि परतल्यावर चित्रकार वहीतल्या रेखाटनांवरून पॅरिसमध्ये कितीतरी वर्षं तेच विषय रंगवत राहायचे. तेव्हा 'तिथे बसून काढलेलं' आणि 'आठवणीतून काढलेलं' हे वेगळं करा. जागेवर काढलेली छोटी तैलचित्रं बहुधा पुठ्ठ्यावर किंवा लाकडी फळीवर असतात, नेण्याला सोपी म्हणून. मोठा, नीटनेटका, सगळं जागच्या जागी असलेला कॅनव्हास दिसला की तो मायदेशी प्रदर्शनासाठी केलेला असण्याची शक्यता जास्त.

चित्राची पाठ बघा. प्रदर्शनाची चिठ्ठी, क्रमांक, रंगसामान विकणाऱ्याचा शिक्का, चौकट करणाऱ्याचं नाव. व्हिएतनामी रेशीमचित्रांच्या बाबतीत पॅरिसच्या गादँ यांच्या चौकटी अभ्यासकांना ओळखीच्या आहेत. पण चौकट बदलता येते, हेही विसरू नका. सूचीत जुन्या संग्राहकाचं नाव नुसतं 'फ्रान्समधलं कुटुंब' एवढंच दिलं असेल तर पुढे विचारा. वसाहतीत नोकरी केलेल्या माणसाच्या घरून चित्र आलं असेल तर बहुधा फोटो, पत्र, बदलीचा हुकूम, काहीतरी कागद असतोच.

आणि बाजारभावाबद्दल सावध राहा. फ्रेंच विजेत्यांची चित्रं आजही तुलनेने आवाक्यात मिळतात. त्यांच्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांची मात्र नाहीत. माय चुंग थू यांचं १९३० चं 'कुमारी फुआँग' हे व्यक्तिचित्र २०२१ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ३० लाख अमेरिकी डॉलरच्या वर गेलं. एवढा पैसा आला की बनावट चित्रंही येतात. २०१६ मध्ये हो चि मिन्ह शहरातल्या एका प्रदर्शनात युरोपातून परत आणलेली म्हणून मांडलेली चित्रं खोटी किंवा चुकीच्या नावावरची निघाली आणि मोठी खळबळ उडाली. कोणी तुम्हाला 'शिक्षकाच्या संग्रहातून आलेलं विद्यार्थ्याचं काम' असं सांगून काही दाखवलं, तर तो शिक्षक कोणत्या वर्षी हनोईत होता आणि विद्यार्थी कोणत्या तुकडीतला, हे आधी जुळवून पाहा. बरीच भानगड तिथेच उघडी पडते.

कागदपत्रं शोधायची असतील तर तार्द्यूंचा खासगी दस्तसंग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय कलाइतिहास संस्थेत आहे, आणि वसाहत सरकारचे कागद एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या समुद्रपार दफ्तरखान्यात. १९३१ च्या प्रदर्शनासाठी जमवलेला आणि मग वसाहत संग्रहालयात गेलेला चित्रसंग्रह आता के ब्रांली संग्रहालयाकडे आहे. २०१८ मध्ये त्यांनी त्यातला मोठा भाग प्रदर्शनात मांडला होता. त्या वेळची सूची मिळाली तर घ्या. बुशोंचं चित्र तुमच्यासमोर पुन्हा आलं की त्यातल्या माणसांचे हात आणि चेहरे निवांतपणे बघा, आणि मला पाठीचा फोटो पाठवा. चिठ्ठी वाचता आली तर चित्र कोणत्या प्रदर्शनात होतं ते शोधून देता येईल.